पक्षाचा खासदार की आपला?

निवडणुकीचे वारे सुटले की मंडळाच्या कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, एक प्रश्न हमखास निघतो: मत पक्ष बघून द्यायचे की माणूस बघून? गेल्या खेपेला पुढे उभ्या असलेल्या काकांनी निकालच देऊन टाकला. "माणूस बघून काय करता? सभागृहात हात पक्ष सांगेल तेव्हाच वर होणार!" आम्हाला तेव्हा उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर जॉन नुन्झियाटा आठवले.

गोष्ट जीएसटीची आहे. 1990 मध्ये मलरोनी सरकारने 7 टक्क्यांच्या या कराचे विधेयक आणले. सेनेटमध्ये लिबरल पक्षाचे बहुमत होते आणि त्यांनी ते अडवून धरले. येथील सेनेट म्हणजे आपल्या राज्यसभेसारखेच वरचे सभागृह, पण सेनेटर निवडून येत नाहीत. पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमले जातात आणि वयाच्या 75 व्या वर्षापर्यंत बसतात, त्यामुळे मतदारांच्या दारी जाण्याची त्यांना चिंता नसते. मलरोनींनी 1867 च्या राज्यघटनेतले, तोवर कधीही न वापरलेले एक कलम काढले आणि राणीच्या संमतीने 8 जादा सेनेटर नेमून बहुमत मिळवले. विरोधी सेनेटरांनी भर सभागृहात पिपाण्या वाजवल्या! तरी डिसेंबरात विधेयक संमत झाले आणि 1 जानेवारी 1991 पासून कर लागू झाला. कणकेवर कर नाही, खाऱ्या दाण्यांवर आहे, हा हिशेब आपल्या घरोघरी पाठ आहे.

1993 च्या निवडणुकीत लिबरल पक्षाने हा कर जाऊन त्या जागी दुसरी पद्धत येईल असे आश्वासन दिले. मलरोनींचा पक्ष 1988 च्या 169 जागांवरून 2 जागांवर आला. (कारणे इतरही होती, सगळे खापर जीएसटीवर फोडू नये.) लिबरल सत्तेवर आले आणि कर जिथल्या तिथे राहिला.

नुन्झियाटा हे टोरांटोतील यॉर्क साउथ–वेस्टनचे लिबरल खासदार, 1984 पासूनचे. एप्रिल 1996 मध्ये त्यांनी आपल्याच सरकारच्या अर्थसंकल्पाविरुद्ध मत दिले, कारण हेच: मतदारांना दिलेला शब्द पाळला गेला नाही. पंतप्रधान क्रेत्यां यांनी त्यांना संसदीय पक्षातून काढून टाकले.

भारतात असते तर त्यांची खासदारकीच जाण्याची वेळ आली असती. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडणाऱ्यावर तशी कारवाई होऊ शकते. हा कायदा उगाच आला नाही. 1967 नंतरचे 'आयाराम गयाराम' ज्येष्ठांना आठवत असतील. पण त्यात एकटा सापडतो आणि टोळी सुटते. महाराष्ट्रात 2022 साली काय झाले ते आपण इथे बसून पाहिलेच. कॅनडात असा कायदा नाही. नुन्झियाटांचा पक्ष गेला, खुर्ची राहिली.

खरी परीक्षा 2 जून 1997 च्या निवडणुकीत होती. पक्षाने त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा केला. ते अपक्ष लढले. त्या वर्षी ऑन्टारिओतील 103 पैकी 101 जागा लिबरलांनी जिंकल्या. उरलेल्या दोनांपैकी एक नुन्झियाटांची! देशभरातून निवडून आलेले ते एकमेव अपक्ष.

आम्ही त्यांना हुतात्मा मानत नाही. अर्थसंकल्पाविरुद्ध प्रत्येकाने असे मत दिले तर सरकारच पडेल, आणि एकट्या अपक्षाला सभागृहात बोलायला कितीसा वेळ मिळतो? 2000 मध्ये लिबरल उमेदवाराने त्यांना हरवले. जीएसटीही गेला नाही. 2006 मध्ये 6 आणि 2008 मध्ये 5 टक्क्यांवर आला, तोही दुसऱ्याच पक्षाच्या सरकारात. तरीसुद्धा काकांचे म्हणणे पूर्ण खरे नाही असे आम्हाला वाटते. एका रायडिंगमधल्या लोकांनी पक्षाचे नाव बाजूला ठेवून त्या एका मताचा हिशेब स्वतः केला होता.

कॉमन्समध्ये नोंदवले जाणारे प्रत्येक मत खासदाराच्या नावानिशी प्रसिद्ध होते. आमच्या खासदारांची मते आम्ही एका रविवारी बसून चाळली. पक्षाविरुद्ध एकही सापडले नाही. ज्यांना आपापल्या रायडिंगची यादी पाहायची असेल त्यांनी पुढच्या कार्यक्रमाला थोडे लवकर यावे, कशी शोधायची ते दाखवू. काकांनीही यावे.