फॉरवर्ड करण्याआधी ‘इंद्रियदमन’; काय सांगते ख्रिस्ती शिकवण?

पाचोरा : २२ जानेवारी २०२५. तालुक्यातील परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. घाबरून रुळांवर उतरलेल्या प्रवाशांना शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने चिरडले. आग नव्हतीच.

ती अफवा तोंडी होती. मोबाइलवरची अफवाही तितकीच जीवघेणी ठरते. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाड्यात जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ जणांना ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळीचे मेसेज तेव्हा फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर ५ चॅटची मर्यादा जाहीर केली.

पण पहिल्या फॉरवर्डला कोण रोखणार? बायबलमधील गलतीकरांस पत्रात (५:२२-२३) आत्म्याच्या फळाचे ९ गुण सांगितले आहेत. त्यातला शेवटचा इंद्रियदमन, म्हणजेच आत्मसंयम. याकोबाचे पत्र जिभेची तुलना रान पेटवणाऱ्या ठिणगीशी करते. आज जिभेचे काम अंगठा करतो.

काय कराल?
- मेसेज खरा आहे का, त्याने कुणाचे नुकसान होईल का, हे आधी तपासा.
- रागात उत्तर लिहू नका. रात्र जाऊ द्या.
- ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात काही ख्रिस्ती कुटुंबे सोशल मीडियाचाही उपवास करतात. आठवड्यातून एक दिवस तो कुणालाही जमेल.
- चुकीचे फॉरवर्ड झाले, तर त्याच ग्रुपवर चूक कबूल करा.