छिन्नीच्या गावी एक दिवस : फिलिपाइन्समधील पाएते

वसईच्या मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांच्या चरित्रात मनिला शहराचे नाव येते, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. जपानमध्ये व्यापारात जम बसवलेले गोन्सालो मनिलास आले आणि तेथेच त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रापंचिक बंधू म्हणून प्रवेश केला. १५९३ साली संत पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी रक्तसाक्ष दिली. ज्या फ्रान्सिस्कन परिवाराने त्यांना आपलेसे केले, त्या परिवाराने फिलिपाइन्सच्या खेड्यापाड्यांत काय उभे केले होते, हे मात्र आपल्या वाचनात क्वचितच येते. मनिलास काही निमित्ताने जाणाऱ्या भाविकांनी एक दिवस काढून लागुना प्रांतातील पाएते या लहानशा गावास भेट द्यावी, असे सुचवण्यामागे हेच कारण आहे.

फ्रान्सिस्कन मिशनरी फिलिपाइन्समध्ये १५७८ साली पोहोचले. त्यांच्यापैकी फादर हुआन दे प्लासेन्सिया यांनी विखुरलेल्या वस्त्यांतील लोकांना एकत्र आणून गावे वसवण्याचे मोठे कार्य केले. त्यांनी व फादर दिएगो दे ओरोपेसा यांनी १५८० साली पाएतेची स्थापना केली. गोन्सालो १५९३ मध्ये जपानकडे निघाले, तेव्हा हे गाव अवघे तेरा वर्षांचे होते. गावाचे नाव ‘पाएत’ या तागालोग शब्दावरून आले आहे. पाएत म्हणजे छिन्नी. आजही गावाच्या गल्ल्यांतून फिरताना प्रथम कानी पडतो तो छिन्नीवर बसणाऱ्या हातोडीचा आवाज.

मनिला ते पाएते हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. बसने सांता क्रूझ या गावापर्यंत यावे व तेथून जीपनी धरावी. एका दिवसात परतायचे असेल, तर पहाटेच निघणे इष्ट. कारण मनिलाच्या बाहेर पडण्यासच पुष्कळ वेळ जातो. वाटेत लोस बान्योस लागते. तेथील उष्ण झऱ्यांजवळ रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्याच्या कार्याशी पेद्रो बाप्तिस्ता यांचे नाव जोडलेले आहे. पुढे पाग्सान्हानची एकोणिसाव्या शतकातील दगडी वेस दिसते, मग अननसाच्या धाग्यांच्या वस्त्रावरील भरतकामासाठी प्रसिद्ध असलेले लुम्बान. त्यानंतर रस्त्याच्या एका हातास सिएरा माद्रेचे डोंगर, तर दुसऱ्या हातास लागुना दे बाय हे देशातील सर्वांत मोठे सरोवर. जीपनीत भाडे थेट चालकाला द्यावयाचे नसते. मागे बसलेल्याने पैसे पुढे करायचे, मधल्या प्रवाशांनी ते हातोहात पोहोचवायचे आणि उरलेली मोड त्याच मार्गाने परत यायची. अनोळखी माणसांच्या हातून एक नाणेही कमी होत नाही! उतरावयाचे असल्यास ‘पारा पो’ एवढे म्हटले की पुरे. यातील ‘पो’ हा आदरार्थी शब्द आहे. आपल्या ‘जी’सारखा तो वाक्यावाक्यात येतो.

गावाच्या मध्यभागी प्रेषित संत याकोब यांचे मंदिर आहे. भूकंपांनी ते वारंवार पाडले व गावकऱ्यांनी ते वारंवार उभे केले. दर्शनी भिंतीवर घोड्यावर आरूढ झालेल्या संत याकोबांचे उठावशिल्प आहे. आत शिरताच डोळ्यांत भरतात ती पाएतेचेच चित्रकार होसे लुसियानो दान्स यांनी एकोणिसाव्या शतकात रंगवलेली भव्य चित्रे. त्यांपैकी एकाचे नाव ‘लांगित, लुपा, इम्पिएर्नो’, म्हणजेच स्वर्ग, पृथ्वी आणि नरक. वर पवित्र त्रैक्य आणि संतगण, मध्ये माणसांचे जग, खाली नरकयातना. अक्षरओळख नसलेल्या भाविकाला संपूर्ण धर्मशिक्षण एका भिंतीवर वाचता यावे, अशी ही योजना आहे. बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारे संत ख्रिस्तोफर तर दोनदा रंगवलेले आहेत. एकदा भिंतीवर आणि एकदा लाकडी फळ्यांवर. दमट हवेने व वाळवीने या चित्रांची बरीच हानी केली आहे. तेथे थोडा वेळ शांत बसावे. घाईघाईने छायाचित्र काढून निघणाऱ्याच्या पदरी फारसे काही पडत नाही.

आता मूर्तिकारांकडे वळू. मिशनरींनी वेदीसाठी व मिरवणुकींसाठी मूर्ती घडवून घेण्यास सुरुवात केली आणि लाकूडकामात कुशल असलेल्या या गावाला पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय मिळाला. येथील मूर्तींचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात संपूर्ण देह व वस्त्रांच्या चुण्याही लाकडातच कोरलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात केवळ मस्तक व हात कोरून ते लाकडी सांगाड्यावर बसवतात आणि वर खरी वस्त्रे चढवतात. कोरीवकाम संपले म्हणजे मूर्ती पूर्ण झाली असे नव्हे. लाकूड घासून, त्यावर पांढऱ्या लेपाचे थर देऊन मग त्वचेचा रंग चढवला जातो. या अखेरच्या कामास ‘एन्कार्ना’ म्हणतात; जणू लाकडाला देह देणे! पाएतेचे मूर्तिकार मारियानो माद्रिन्यान यांच्या दुःखी मातेच्या मूर्तीला एकोणिसाव्या शतकात अॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात पारितोषिक मिळाले होते. २००५ साली राष्ट्राध्यक्षा ग्लोरिया मकापागाल आरोयो यांनी पाएतेला फिलिपाइन्सची कोरीवकामाची राजधानी म्हणून घोषित केले.

ही कीर्ती खरी असली, तरी कारखान्यात पाऊल टाकल्यावर दुसरी बाजूही दिसते. मूर्तिकारांची पहिली पसंती बातिकुलिंग या झाडाला असते. त्याचे लाकूड मऊ असून त्याला कीड सहसा लागत नाही. परंतु डोंगरावरील जंगल विरळ झाले आणि हे झाड दुर्मीळ होत गेले. फेब्रुवारी २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो आक्विनो तिसरे यांनी नैसर्गिक वनांतील वृक्षतोडीवर स्थगिती आणली. उघड्या पडलेल्या डोंगरांवरून येणाऱ्या पुरांचा विचार करता हा निर्णय आवश्यकच होता. तरीही ज्याच्या हाती केवळ छिन्नी आहे त्याला त्याचा फटका बसला. त्यातच साच्यातून काढलेल्या रेझिनच्या स्वस्त मूर्ती बाजारात आल्या. परिणामी, गावातील अनेक तरुण प्रवासी जहाजांवर व परदेशी हॉटेलांत बर्फाचे हंस आणि कलिंगडाची फुले कोरण्यासाठी गेले. पगार उत्तम, यात शंका नाही. पण शतकानुशतके पुजली जाईल अशी मूर्ती घडवणारा हात रात्रीच्या जेवणापुरता टिकणारा हंस घडवतो, हे दृश्य मनाला चटका लावते. आखाताची वाट धरलेल्या मुलांचे आईवडील आपल्या गावांतही आहेत. त्यांना पाएतेच्या मातांचे मन वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

घरी नेण्यासाठी काही घ्यावयाचे असल्यास मूर्तीखेरीज ‘ताका’ पाहावा. लाकडी साच्यावर खळ लावलेल्या कागदाचे थर चढवून, वाळल्यावर ते कापून सोडवून, जोडून आणि रंगवून केलेली ही खेळणी वजनाला हलकी असतात. मूर्ती मात्र शक्यतो कारागिराकडूनच घ्यावी आणि कोणत्या लाकडाची आहे हे विचारून घ्यावे.

वेळ असल्यास लगतच्या पाकिल गावी जावे. दुःखी मातेचे एक लहान चित्र तेथे भक्तिभावाने जपलेले आहे. ते १७८८ साली कोळ्यांना सरोवरात सापडले, असे परंपरा सांगते. तिच्या सन्मानार्थ झावळ्यांच्या रविवारापूर्वीच्या शुक्रवारापासून पेंटेकॉस्टपर्यंत सात वेळा ‘तुरुम्बा’ सण साजरा होतो आणि लोक मिरवणुकीत नाचत जातात. दुःखी मातेसमोर नृत्य कसे, असा प्रश्न आपल्याला पडेल. तेथील आजीबाईंना तो पडत नाही.

पवित्र आठवड्यात गेल्यास पाएतेच्या मूर्ती त्यांच्या खऱ्या जागी, रथांवर दिसतात. अनेक मूर्ती चर्चच्या नसून कुटुंबांच्या मालकीच्या असतात. त्यांची वस्त्रे धुणे, केस विंचरणे, रथ फुलांनी सजवणे हा मान वारसाहक्काने मुलांकडे येतो. जहाजावर गेलेला मुलगा रजा मागतो ती याच दिवसांसाठी. गर्दी मात्र फार असते आणि त्या आठवड्यातील गुरुवारी व शुक्रवारी वाहने कमी धावतात, हे ध्यानी ठेवावे. इतर दिवशीही अंधार पडण्यापूर्वी सांता क्रूझला परत यावे. ऑक्टोबरच्या सुमारास गेलात, तर जीपनीच्या थांब्यावर लान्सोनेस या गोड फळांचे घोस विकावयास असतात. साल चिकट असते, तेव्हा रुमाल जवळ असू द्यावा.