पंधरा सेकंदांत पोहून दाखव!

कारखान्यातलं एखादं रसायन नदीत गेलं तर जीवसृष्टीचं काय होईल? याचा निकाल देणाऱ्या पंचांमध्ये पहिला मान डॅफ्निया या पाण्यातल्या इवल्या जीवाचा. लांबी जेमतेम काही मिलिमीटर आणि अंग इतकं पारदर्शक की सूक्ष्मदर्शकाखाली धडधडणारं हृदय थेट दिसावं. परीक्षेला बसवतात ती एक दिवसही पुरा न झालेली पिल्लं. रसायनाच्या चढत्या मात्रा घातलेल्या चंचुपात्रांत पाच-पाच जणींना सोडायचं. 48 तासांनी पात्र हलकेच हलवायचं आणि घड्याळाकडे बघायचं. 15 सेकंदांत जी पोहली नाही ती नापास. नुसत्या स्पर्शिका हलवून जिवंत असल्याची खूण केली तरी नापासच! निम्म्या नापास होतात ती मात्रा म्हणजे ईसी-50. हा आकडा जितका लहान, तितकं रसायन जहाल.

‘जणी’ म्हटलं ते उगाच नाही. दिवस बरे असले की डॅफ्नियाच्या माद्या नराविनाच पिल्लं देतात, आणि तीही मादीच. परिस्थिती बिघडली की मग नर जन्माला येतात. प्रयोगशाळेच्या हे पथ्यावरच पडतं. सगळ्या एकमेकींच्या हुबेहूब प्रती, त्यामुळे ‘हिची प्रकृतीच नाजूक होती’ ही सबब चालत नाही.

पंचांचीही परीक्षा होते बरं का. त्यांना अधूनमधून पोटॅशियम डायक्रोमेट पाजतात. 24 तासांचा ईसी-50 लिटरला 0.6 ते 2.1 मिलिग्रॅमच्या दरम्यान यायला हवा. फार चिवट निघाल्या तरी पंचाईत, फार नाजूक निघाल्या तरी पंचाईत. शिवाय रसायन न घातलेल्या पाण्यातच दहा टक्क्यांहून जास्त आडव्या झाल्या, तर अख्खी चाचणी बाद.

दुसरा पंच म्हणजे शेवाळ, त्याला 72 तास मिळतात. स्वच्छ पाण्यात ते तेवढ्या वेळात किमान 16 पट वाढलंच पाहिजे, नाहीतर तुलना कशाशी करणार? सगळ्यात घाईचा पंच म्हणजे समुद्रातला एक चमकणारा जिवाणू. विष भेटलं की त्याचा उजेड मंदावतो. अर्ध्या तासात निकाल हातात!

माशांची चाचणी चालते 96 तास. तिथला लाडका उमेदवार झेब्राफिश, म्हणजे घरोघरच्या फिशटँकमधला पट्टेवाला. जगभरच्या प्रयोगशाळांत मिरवणारा हा गडी मूळचा आपल्या गंगेच्या खोऱ्याकडचा. आपल्याकडे कारखान्याच्या सांडपाण्यालाही माशांची परीक्षा द्यावी लागते. 1986च्या पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांनुसार प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात, एक थेंब साधं पाणी न मिसळता, 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत हवेत. एमआयडीसीतल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रवाल्यांना विचारा, पीएचचा काटा समजावता येतो, माशाची समजूत कोण घालणार?

पण मासा मेला नाही म्हणजे रसायन निर्दोष, असं थोडंच आहे? जहाजांच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून रंगात ट्रायब्युटिलटिन घालत. लिटरला नॅनोग्रॅमभर मात्रेनंही समुद्री शंखांच्या माद्यांना चक्क नराचं इंद्रिय फुटू लागलं. फ्रान्सनं 1982 साली लहान होड्यांवर हा रंग बंद केला, जगभरची बंदी लागू व्हायला 2008 उजाडलं. मधल्या काळात, 1999 साली, असाच प्रकार गोव्याच्या संशोधकांनी आपल्या किनाऱ्यावरच्या शंखात नोंदवला. त्या शंखाचं शास्त्रीय नाव क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणाचं नाव कुठे कुठे पोहोचतं!

खरी रहस्यकथा मात्र अमेरिकेत, सिॲटलला घडली. ओढे साफ केले, कोहो सामन मासे अंडी घालायला परतले, आणि पाऊस पडला की पृष्ठभागावर तोंड उघडत, गरगर फिरत काही तासांत मरू लागले. अंडी पोटातच. संशय रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यावर गेला, मग टायरांवर. टायर भिजवलेल्या पाण्यात दोन हजारांहून अधिक रसायनं! एकेक गट वेगळा काढत गेल्यावर उरला एक रेणू: 18 कार्बन, 22 हायड्रोजन, 2 नायट्रोजन, 2 ऑक्सिजन. या सूत्राचं रसायन टायरच्या कृतीत सापडेना. मग लक्षात आलं, टायरला तडे जाऊ नयेत म्हणून घालतात त्या 6पीपीडीवर ओझोनची क्रिया होऊन हा तयार होतो. म्हणजे कारखान्यात न बनलेलं, रस्त्यावर बनलेलं विष, 6पीपीडी-क्विनोन. शोधनिबंध 2020च्या डिसेंबरात आला. निम्मे कोहो मारणाऱ्या मात्रेचा 2022मध्ये सुधारलेला आकडा लिटरला 0.095 मायक्रोग्रॅम. 25 लाख लिटरच्या ऑलिंपिक तलावात पाव ग्रॅमही टाकायची गरज नाही, निम्मे कोहो गेलेच.

आता गंमत बघा. याच रसायनाच्या परीक्षेला झेब्राफिश बसवला, डॅफ्निया बसवली. पाण्यात विरघळेल तेवढं घातलं तरी दोघंही ठणठणीत! कोहोचा सख्खा भाऊबंद चम सामनही मजेत. रेनबो ट्राउट मात्र मरतो. नेहमीच्या पंचांवर विसंबलं असतं, तर हे विष पहिल्या वर्गात पास झालं असतं.

कॅलिफोर्नियानं 2023पासून टायर कंपन्यांना 6पीपीडीला पर्याय शोधायला लावलंय. तोवर एक स्वस्त इलाज हाताशी आहे: रस्त्यावरचं तेच पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडाच्या सालींच्या थरातून गाळून घेतलं, की त्यात कोहो जगतात.