हुशारीचा दाखला कोण देतो?

दहावी-बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा ठरलेला असतो. तो इतक्या नेमाने येतो की त्यात आता बातमीपण उरलेले नाही. खरी बातमी त्यापुढच्या दहा-पंधरा वर्षांत घडते आणि तिचा मथळा कधी होत नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी शिकत होते. त्यांत मुली २९.८ लाख आणि मुलगे २७.४ लाख होते, म्हणजे विज्ञानाच्या वर्गात मुली अर्ध्याहून अधिक. अभियांत्रिकीच्या पदवीवर्गात मात्र त्यांचा वाटा तीस टक्क्यांच्या आतबाहेर घुटमळतो. प्रत्यक्ष संशोधनाच्या नोकरीत तर पाच जणांमागे एक बाईही पुरती भरत नाही. तेव्हा ‘मुलींनी विज्ञानाकडे वळावे’ हे व्यासपीठांवरून दिले जाणारे आवाहन जरा शिळे झाले आहे. मुली केव्हाच वळल्या आहेत, त्यांना पुढे कुठवर येऊ दिले जाते हे पाहायला हवे. शिवाय वरच्या बेरजेत रकाने दोनच आहेत. स्वतःला मुलगी किंवा मुलगा यांपैकी कशातच न बसवणारी नॉन-बायनरी मुले त्या बेरजेत नेमकी कुठे आहेत, हे तिच्यावरून कळत नाही. या सगळ्यांना उत्साह किंवा आवड कमी पडते, असे मला पुराव्यावरून दिसत नाही. ‘खरी हुशारी’ कोणाकडे आहे हे ठरवणाऱ्यांची कसोटीच सदोष आहे, आणि ती विज्ञानात जशी चालते तशीच कलेतही चालते.

अमेरिकेतील सारा-जेन लेस्ली, आंद्रेई सिम्पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी ३० विद्याशाखांतील अठराशेहून अधिक प्राध्यापकांना आणि संशोधकांना विचारले की तुमच्या विषयात यश मिळवायला उपजत प्रतिभा किती लागते आणि मेहनत किती. ज्या विषयांतले लोक ‘इथे जन्मजात देणगीच लागते’ असे मानत होते, त्या विषयांत पीएचडी मिळवणाऱ्या स्त्रिया कमी निघाल्या. गंमत अशी की ही रेषा विज्ञान आणि कला यांच्या मधून जात नाही, ती दोन्हींच्या पोटातून जाते. तिथल्या रेणवीय जीवशास्त्रात निम्म्या पीएचडी स्त्रियांच्या होत्या, तर भौतिकशास्त्रात वीस टक्क्यांहून कमी. कलेतिहासात सत्तर टक्क्यांहून अधिक, तर तत्त्वज्ञानात पस्तीसहून कमी आणि संगीतरचनेत त्याहूनही कमी. हा केवळ सहसंबंध आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य करायला हवे. म्हणूनच त्याच गटाचा २०१७ चा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणून पाच वर्षांचे मुलगे पुरुषाकडे बोट दाखवायला जितके तयार होते, तितक्याच त्या वयाच्या मुली बाईकडे बोट दाखवायला तयार होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींत हे प्रमाण घसरले. ‘खूप हुशार मुलांसाठी’ म्हणून दाखवलेल्या खेळातही त्यांना कमी रस वाटला. शाळेत चांगले गुण मुलींनाच मिळतात, हे मात्र त्याच मुली बिनदिक्कत सांगत होत्या. ‘ती घोकते, पण त्याचं डोकं चालतं’ हे वाक्य आपल्याकडे किती घरांत सहज बोलले जाते, ते वेगळे सांगायला नको.

या कसोटीचा मराठी पुरावा कमला भागवत यांच्या घरात सापडतो. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. कमलाबाई १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते चंद्रशेखर वेंकट रामन. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून त्यांनी अर्ज फेटाळला. कमलाबाई थेट बंगळूरला जाऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी धरल्या जाणार नव्हत्या, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीबेरात्रीही काम करायचे होते, आणि प्रयोगशाळेतले ‘वातावरण’ त्यांच्यामुळे बिघडता कामा नये, अशी तंबीही होती. ही शेवटची अट पुन्हा वाचावी. पुरुषांचे लक्ष विचलित झाले तर त्याची जबाबदारी तिथे एकट्या आलेल्या मुलीवर टाकली होती. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि इतर मुलींनाही संस्था खुली झाली. कमलाबाईंनी पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली, वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’वर काम केले, आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत डाळी व नीरा यांच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. बंगळूरच्या त्या वागणुकीची सल त्यांनी उतारवयातही बोलून दाखवली होती.

या घरात प्रोत्साहनाची काही वाण नव्हती. विषय, वडिलांचा पाठिंबा, गुण, धिटाई हे सगळे कमलाबाईंपाशी होते, तरीही दाराशी अडले. त्यांची थोरली बहीण दुर्गाबाई भागवत. त्यांनी लोकसाहित्य आणि समाजशास्त्र हा मार्ग धरला. त्यांचे बरेचसे काम विद्यापीठीय पदांच्या आधाराने न होता ग्रंथालयात बसून झाले, आणि १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष म्हणून त्या आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिल्या. एकाच घरातल्या दोन बहिणींनी विज्ञान आणि साहित्य या दोन वाटांवर एवढी मजल मारली. ‘मुलीचा कल कुठे असतो’ यावर चर्चा करणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर मिळणे कठीण. तरी अशा उदाहरणांचा आपण एक गैरवापर करतो. ‘त्या बघा, जिद्दीने पुढे गेल्या’ असे म्हणून अट घालणाऱ्याला मोकळे सोडतो. रामन यांच्याच प्रयोगशाळेत अण्णा मणी यांनी हिरे आणि माणिकांच्या वर्णपटांवर पाच शोधनिबंध लिहिले, पण एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली. पुढे त्यांनी पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची उपकरणे देशातच घडवण्याचे मोठे काम उभे केले. जिद्द कमलाबाईंपेक्षा कमी नव्हती. कागद आडवा आला.

कलेच्या क्षेत्रात बायकांना मुक्तद्वार आहे, असा आपला समज असतो. गायिका आणि नर्तकी डोळ्यांसमोर असतात म्हणून तो टिकतो. पण सादर करणे आणि रचणे यांत आपण नकळत एक पायरी पाडली आहे. गळा बाईचा चालतो, चाल मात्र पुरुषाची असते. लता मंगेशकर यांनी ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांना संगीत दिले ते ‘आनंदघन’ या नावाने. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हाच अनेकांना या नावामागे कोण आहे ते कळले. टोपणनाव घेण्याची त्यांची कारणे काहीही असोत, ऐकणाऱ्यांना त्या चाली पुरुषाच्या वाटायला काहीच अडचण आली नाही, हे बोलके आहे. आजच्या हिंदी आणि प्रादेशिक चित्रपटांच्या पाहण्यांतही दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, लेखन अशा विभागांची सूत्रे स्त्रियांकडे असण्याचे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या घरातच दिसते. तेव्हा मुलीला ‘विज्ञान जमत नसेल तर कला घे’ असा सल्ला देणारे तिला एका उंबरठ्यावरून उठवून तसल्याच दुसऱ्या उंबरठ्यावर बसवतात.

नॉन-बायनरी आणि पारलिंगी मुलांच्या बाबतीत हा दोष अधिक उघडा पडतो. स्टॅनफर्डचे मेंदूशास्त्रज्ञ बेन बॅरेस यांनी वयाच्या चाळिशीत, १९९७ मध्ये, पुरुष म्हणून जगायला सुरुवात केली. तोवर लोक त्यांना स्त्री म्हणून ओळखत. २००६ मध्ये ‘नेचर’मधल्या लेखात त्यांनी लिहिले की एका व्याख्यानानंतर एक प्राध्यापक म्हणाले, बॅरेस यांचे काम त्यांच्या बहिणीपेक्षा बरेच सरस आहे. ती ‘बहीण’ म्हणजे पूर्वीचे तेच होते. मेंदू तोच, निबंध तेच, तरीही दाखला बदलला. एवढा स्वच्छ प्रयोग कोणी मुद्दाम रचू म्हटले तरी जमणार नाही. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ माणसे नोंदली गेली, त्यांत महाराष्ट्रातली ४०,८९१. त्यांची साक्षरता सुमारे ५६ टक्के होती, तर देशाची सरासरी ७४. म्हणजे प्रयोगशाळा किंवा रंगमंच दूरच, ही मुले शाळेतूनच गळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने स्वतःची लिंगओळख सांगण्याचा हक्क मान्य केला, पण पारलिंगी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्याने अल्पवयीन मुलाच्या लिंगओळखीच्या दाखल्यासाठी अर्ज पालकांनीच करावा, अशी तरतूद ठेवली. ज्याचे पालकच ऐकून घेत नाहीत, त्याचा शाळेचा दाखला, बारावीचे गुणपत्रक आणि प्रवेशपरीक्षेचा अर्ज अशा ओळखीवर चालतो जी त्याची नाही. शाळांनी काय करावे यावर एनसीईआरटीने २०२१ मध्ये शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली होती. तक्रार होताच ती काही दिवसांतच संकेतस्थळावरून काढण्यात आली.

मग नेमके काय चालते? या प्रश्नाला आता बऱ्यापैकी भक्कम उत्तरे आहेत. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात ४९५ गावांचा अभ्यास झाला. जिथे सरपंचपद सलग दोनदा स्त्रीसाठी राखीव होते, तिथे मुलगा-मुलगी यांच्या शिक्षणातली दरी मिटली आणि मुलींचा घरकामातला वेळ घटला. पॅरिस परिसरातल्या शाळांत स्त्री-वैज्ञानिकांनी वर्गात येऊन फक्त तासभर गप्पा मारल्या, तर बारावीच्या पातळीवरच्या विज्ञान शाखेतील मुलींत निवडक प्रवेशाच्या विज्ञान-तंत्रज्ञान अभ्यासक्रमांत जाणाऱ्यांचे प्रमाण ११ वरून १४.५ टक्क्यांवर गेले. त्यातही ‘या क्षेत्रात बायका फारच कमी आहेत’ हे पालुपद ज्यांनी लावले नाही, त्यांचा परिणाम अधिक झाला. लहान मुलींना ‘चला, वैज्ञानिक होऊ या’ म्हणण्यापेक्षा ‘चला, विज्ञान करू या’ म्हटले तर त्या जास्त वेळ चिकाटीने खेळतात, असे २०१९ च्या एका प्रयोगात दिसले. ओळख मागितली की मूल मागे सरते, काम हाती दिले की रमते. नॉन-बायनरी मुलासाठी तर हे दुपटीने खरे असणार, कारण ओळखीचाच प्रश्न त्याला दिवसभर पडलेला असतो. आणि कामापर्यंत पोहोचायला रस्ता लागतो. बिहारमध्ये शाळकरी मुलींना सायकली दिल्यावर माध्यमिक शाळेतली त्यांची पटनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रात ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीही माफ आहे. पण अकरावीचे प्रॅक्टिकल दुपारी उशिरा सुरू झाले आणि गावाकडची शेवटची गाडी त्याआधी सुटली, तर पास खिशात असून मुलगी कला शाखेत जाते आणि त्याला आपण ‘आवड’ म्हणतो.

यावर पहिला आक्षेप नैसर्गिक फरकाचा. जिथे समानता जास्त तिथेच मुली विज्ञान-तंत्रज्ञान कमी घेतात, असा दावा २०१८ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी केला. पुढे त्यांच्या लेखाला दुरुस्ती जोडावी लागली. पण तो दावा जसाच्या तसा घेतला तरी त्यातून निघते ते एवढेच, की हे प्रमाण देशागणिक प्रचंड बदलते. संगणकाच्या पदवीवर्गांत भारतातल्या मुलींचा वाटा अमेरिकेतल्या मुलींपेक्षा कितीतरी जास्त आहे. सीमा ओलांडली की बदलणारी गोष्ट मेंदूच्या घडणीत शोधणे फारसे पटत नाही. दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. आयआयटींत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या गेल्या, आणि एके काळी आठ-नऊ टक्के असलेला त्यांचा वाटा दोन-तीन वर्षांत वीसच्या आसपास गेला. या जागा मुलांच्या जागा कापून दिलेल्या नव्हत्या, आणि जेईई अॅडव्हान्स्डची पात्रता सर्वांना तीच होती. त्या मुली आधीही पात्र होत्या, फक्त आत नव्हत्या.

तिसरा आक्षेप संसाराचा. शिकवून काय उपयोग, लग्नानंतर सोडतातच, हे वाक्य निवड समितीतही ऐकू येते. पुण्यात वाढलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञानात पीएचडी केलेल्या भारतीय स्त्रियांची पाहणी केली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. संशोधन सोडलेल्यांच्या अडचणींत घरापेक्षा योग्य नोकरी न मिळणे हे कारण ठळक होते. संशोधनात टिकलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्के अविवाहित होत्या, पुरुषांत हे प्रमाण अडीच टक्के. संसार आणि प्रयोगशाळा यांतून एक निवडायला कोणाला लावले जाते, ते या दोन आकड्यांत दिसते. चौथा आक्षेप नॉन-बायनरी मुलांबद्दलचा. शाळेत असले विषय काढले तर मुले गोंधळतील, असे म्हटले जाते. हरियाणातील शाळांत मुलामुलींशी स्त्री-पुरुष समतेवर दोन वर्षांहून अधिक काळ वर्गात चर्चा झाल्या. विषय नेमका हाच नव्हता, पण अनुभव उपयोगी आहे. मुलांची मते अधिक समंजस झाली आणि कार्यक्रम संपून दोन वर्षे उलटल्यावरही तशीच राहिली. गोंधळ असलाच तर तो ज्या मुलाला हजेरीपटावर आपले नाव सापडत नाही, त्याच्या वाट्याला आधीच आलेला आहे.

म्हणून आता मुलांना स्फूर्तिदायक भाषणे देण्यापेक्षा दाखला देणाऱ्यांची तपासणी करावी. शाखा निवडली जाते दहावीनंतर, तेव्हा प्रयोगशाळेतले उपकरण आणि संवादिनी-तबला आठवी-नववीतच सर्वांच्या हाती यायला हवीत, निवडक ‘हुशारां’च्या नव्हे. प्रॅक्टिकलचे वेळापत्रक एसटीचे वेळापत्रक पाहून ठरावे. प्रवेश-अर्जात आणि वसतिगृहात दोनच रकाने असू नयेत, आणि विद्यार्थ्याने सांगितलेले नाव हजेरीत घ्यायला शाळेला सरकारी कागदाची वाट पाहायला लागू नये. निवड समित्यांनी ‘प्रतिभा’ हा शब्द गुणतक्त्यात लिहिला असेल, तर ती कशावरून मोजली हेही लिहावे. यांतल्या बहुतेक गोष्टींना पैसा कमी आणि अधिकार जास्त लागतो. म्हणूनच या गोष्टी मुलींकडून किंवा नॉन-बायनरी मुलांकडून अपेक्षिणे गैर आहे. त्या मुख्याध्यापक, प्राचार्य, कुलगुरू आणि आगार व्यवस्थापक यांच्याकडेच मागायच्या आहेत.