कीर्ती म्हणजे देऊळ

कीर्ती म्हटले की चारचौघांच्या तोंडी असलेले नाव आठवते. शब्दाचे मूळही तेच सांगते. संस्कृतात ‘कीर्तयति’ म्हणजे सांगतो, गुण गातो. आपले कीर्तन त्याच घरातले. पण जुने ताम्रपट वाचणाऱ्यांना हे शब्द भलत्याच जागी भेटले. तिथे राजे कीर्तन चक्क बांधतात! संदर्भ जुळवल्यावर कोडे सुटले: तिथे कीर्तन म्हणजे देऊळ. रा. गो. भांडारकरांनी हा अर्थ दाखवून दिला. ज्या कामामुळे करणाऱ्याचे नाव मागे राहते, ते कामच त्याची कीर्ती.

शके ७३४ च्या, म्हणजे इ.स. ८१२ च्या, बडोद्याच्या ताम्रपटात अशाच एका कीर्तनाचे वर्णन आहे. अभ्यासक ते वेरूळचे कैलास मानतात. ते पाहून घडवणारा शिल्पीच थक्क होतो. हे माझ्या हातून झाले कसे, असे त्याला वाटते. केवढा हा मोठेपणा! काम कर्त्यापेक्षाही मोठे झाले आहे.

अशीच एक कीर्ती अंबरनाथला, वालधुनी नदीच्या काठी उभी आहे. काळ्या बसाल्टचे हे शिवमंदिर भूमिज शैलीतले. या शैलीत शिखराच्या अंगावर इवल्या शिखरांच्या रांगा एकीवर एक चढत जातात. इथे मात्र माथा नाही. वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की डोक्यावर उघडे आकाश दिसते.

मंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. त्यात शिलाहार राजे माम्वाणी आणि छित्तराज आहेत, अधिकाऱ्यांची नावेही आहेत. भिंतींवरच्या देवता आणि नर्तकी ज्यांनी घडवल्या, त्या हातांची नावे मात्र आज कुणालाच ठाऊक नाहीत.

आणि राजांची तरी किती जणांना ठाऊक आहेत? माम्वाणीचे नाव अभ्यासकांपाशी उरले. देवाचे नाव गावाने घेतले, गावाचे स्टेशनाने, आणि आता ते लोकलच्या पाटीवर झळकते. ताम्रपटांतला तो जुना अर्थ मला इथे पटतो. साडेनऊशे वर्षांनंतरही महाशिवरात्रीला त्या पायऱ्या उतरायला माणसांची रीघ लागते. ज्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, त्यांची कीर्ती आपण हाताने चाचपून पाहू शकतो.