साथीची पहिली खबर

प्लेगच्या दिवसांची हकिकत आमच्या आजीच्या तोंडून लहानपणी अनेकदा ऐकली. आढ्यावरून मेलेला उंदीर पडला, की घरातील कर्ती माणसे फारशी चर्चा करीत बसत नसत. दोन-चार दिवसांत सारे गाव रानात झोपड्या घालून राहावयास जाई आणि साथ ओसरल्याचा भरवसा येईपर्यंत कोणी वेशीच्या आत पाऊल टाकीत नसे. रोगजंतूचे नाव त्या पिढीला ठाऊक नव्हते. परंतु माणसाच्या आधी उंदीर मरतो, एवढे मात्र अनुभवाने पक्के ठाऊक होते. आज आपण ज्याला पूर्वसूचना यंत्रणा म्हणतो, तिचे मर्म या व्यवहारात पुरते सामावलेले आहे. कोणीतरी खूण पाहावी, ती तत्काळ सांगावी आणि ऐकणाऱ्याने वेळेवर हालचाल करावी. या तीन दुव्यांपैकी एक जरी निखळला, तरी उरलेले दोन निरुपयोगी ठरतात.

शासनाची ही यंत्रणा नेमकी कशी चालते, हे आपल्यापैकी अनेक डॉक्टरांनाही नीटसे ठाऊक नसते. सर्वसामान्य नागरिकांची गोष्ट तर दूरच. बीदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत राहणाऱ्या आपणा सर्वांना तर ती अधिकच समजून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी हा लेखनप्रपंच.

मामल्यापासून सुरतेपर्यंत

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप आपल्या भागात कोणी विसरलेले नाही. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या लहानशा गावी उंदीर मरू लागल्याची व पिसवांचा उपद्रव वाढल्याची वार्ता आली. पाठोपाठ गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. सप्टेंबरात सुरत शहरात फुफ्फुसाच्या प्लेगने थैमान घातले. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोक भीतीने शहर सोडून गेले. परदेशांनी विमाने रोखली, माल नाकारला. मृत्यूंपेक्षा घबराटीनेच देशाचे अधिक नुकसान केले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या घटनेने राज्यकर्त्यांचे डोळे उघडले. १९९७-९८ मध्ये काही निवडक जिल्ह्यांत संसर्गजन्य रोगांच्या सर्वेक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प हाती घेण्यात आला. त्याच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांत कर्नाटक व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये होती. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय मोडण्याचा हा पहिला पद्धतशीर प्रयत्न होय.

तीन फॉर्म, तीन पायऱ्या

या प्रकल्पाची रचना सोपी आहे. माहिती तीन पायऱ्यांवर गोळा होते. उपकेंद्रातील आरोग्य सेविका रोगाचे निदान करीत नाही, ती फक्त लक्षणे नोंदवते : ताप, खोकला, पातळ जुलाब, कावीळ, मुलांतील अचानक आलेला लुळेपणा. हा झाला ‘एस’ फॉर्म. डॉक्टर रुग्ण तपासून संभाव्य निदान लिहितो, तो ‘पी’ फॉर्म. प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेले रुग्ण ‘एल’ फॉर्मवर येतात. सोमवार ते रविवार असा आठवडा धरून ही माहिती तालुक्यातून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून राज्याकडे आणि तेथून दिल्लीकडे जात असे.

आता प्रश्न असा, की घंटा वाजते केव्हा? जुलाबाचे रुग्ण तर पावसाळ्यात सर्वत्रच असतात. म्हणून यंत्रणा आकड्याची तुलना करते. याच गावात मागील वर्षी याच आठवड्यात किती रुग्ण होते? एकाच वस्तीतून एकदम अनेक रुग्ण आले काय? काही आजारांत मात्र तुलनेची वाट पाहावयाची नसते. घटसर्पाचा, पटकीचा किंवा पोलिओच्या संशयाचा एकच रुग्ण ही पूर्ण सूचना मानली जाते. सूचना मिळताच जिल्ह्याचे शीघ्र प्रतिसाद पथक गावात जाते, पाण्याचे, रक्ताचे अथवा शौचाचे नमुने घेते व उपाय सुरू करते.

येथे एक बाब आवर्जून सांगितली पाहिजे. ‘रुग्ण शून्य’ असे कळविणे हीदेखील माहितीच आहे. कोरा कागद आणि शून्य लिहिलेला कागद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावरून काहीच कळत नाही. दुसऱ्यावरून एवढे निश्चित कळते, की तेथे कोणीतरी जागे आहे.

खोट्या वाटणाऱ्या सूचनेचे मोल

आम्हा बालरोगतज्ज्ञांना याचा सर्वोत्तम धडा पोलिओने दिला. १९९७ पासून देशात पंधरा वर्षांखालील मुलांतील अचानक आलेल्या लुळेपणाचा प्रत्येक रुग्ण कळविण्याची शिस्त लागली. लुळेपणा आल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यावयाचे. गंमत अशी, की यंत्रणेची कसोटी पोलिओच्या रुग्णांवर नव्हती. पंधरा वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला पोलिओ नसलेला लुळेपणाचा किमान एक रुग्ण सापडलाच पाहिजे, असा दंडक होता. तो सापडला नाही, तर त्या जिल्ह्यात लुळेपणा नाही असे कोणी मानीत नसे. तेथील पहारेकरी झोपला आहे, असे मानले जाई. देशातील शेवटचा वन्य पोलिओचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आजारी पडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतास पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. लसीच्या थेंबांइतकेच श्रेय या हजारो ‘निष्फळ’ सूचनांना आहे.

आपण डॉक्टर मंडळी नेमके येथेच अडखळतो. “निदान पक्के होऊ द्या, मग कळवू,” असे आपण म्हणतो. पूर्वसूचनेच्या दृष्टीने ही सावधगिरी घातक आहे. संशय कळविणे आपले काम. तो खरा की खोटा हे ठरविणे यंत्रणेचे काम.

आठवडा फार मोठा असतो

साप्ताहिक पद्धतीची मर्यादा चांदीपुरा विषाणूने दाखवून दिली. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी प्रथम सापडलेल्या या विषाणूने २००३ च्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात तत्कालीन आंध्र प्रदेशात मुलांमध्ये मेंदूज्वराची भीषण साथ आणली. ३२९ मुले आजारी पडली, त्यांपैकी १८३ दगावली. महाराष्ट्रातही त्याच वर्षी या आजाराने बळी घेतले. सकाळी खेळणारे मूल रात्री बेशुद्ध होते आणि दाखल केल्यावर अठ्ठेचाळीस तासही हाती उरत नाहीत. अशा आजाराची खबर पुढच्या सोमवारी पोहोचून काय उपयोग?

हे ध्यानी घेऊन संगणकीय, दैनंदिन नोंदीची नवी व्यवस्था आखण्यात आली. एकात्मिक आरोग्य माहिती मंच असे तिचे नाव. २०१८ मध्ये कर्नाटकासह सात राज्यांत ती प्रथम सुरू झाली आणि ५ एप्रिल २०२१ रोजी देशभर लागू झाली. पूर्वीच्या अठराऐवजी तेहतीस आजारांची नोंद, आणि प्रत्येक रुग्णाचे गाव नकाशावर दिसण्याची सोय, हे तिचे वैशिष्ट्य. यंत्र वेगवान झाले खरे; परंतु यंत्रात नोंद करणारे बोट माणसाचेच राहिले.

मार्च २०२० : कलबुर्गी

ही गोष्ट आपल्याच दारात सिद्ध झाली. कोविडने झालेला देशातील पहिला मृत्यू कलबुर्गीच्या रुग्णाचा होता. शहात्तर वर्षांचे हे गृहस्थ २९ फेब्रुवारी २०२० रोजी सौदी अरेबियाहून परतले, तेव्हा त्यांना काही लक्षणे नव्हती. ६ मार्चला ताप-खोकला सुरू झाला; डॉक्टरांनी घरी येऊन उपचार केले. ९ मार्चला प्रकृती बिघडल्यावर त्यांना शहरातील खाजगी रुग्णालयात हलविले. तेथे कोविडचा संशय घेतला गेला आणि नमुना बेंगळुरूला, म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटर दूर, धाडण्यात आला. अहवालाची वाट न पाहता, वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नातेवाइकांनी त्यांना हैदराबादला नेले. १० मार्चला तेथून परत आणताना वाटेतच त्यांचा मृत्यू झाला. अहवाल आला १२ मार्चला. पुढे त्यांच्या कुटुंबातील एका व्यक्तीस व त्यांच्यावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांनाही लागण झाल्याचे आढळले.

यात दोष कोणाचा, हे शोधण्यात मला स्वारस्य नाही. नवा आजार, घाबरलेले कुटुंब; त्या जागी आपण असतो तर वेगळे वागलो असतो, असे छातीठोकपणे कोण म्हणेल? परंतु डॉक्टर म्हणून एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. संशय वेळेवर घेतला गेला, नमुनाही वेळेवर घेतला गेला. मात्र रुग्ण खबरेपेक्षा वेगाने प्रवास करीत होता आणि त्याने राज्याची सीमा दोनदा ओलांडली. सीमेपलीकडच्या दवाखान्याला तो येण्यापूर्वीच एक दूरध्वनी जाणे, हीच अशा वेळी खरी पूर्वसूचना.

आपली सीमा, आपली अडचण

औराद, भालकी, बसवकल्याणचा रुग्ण उदगीर, लातूर किंवा हैदराबादला जातो. आळंद-अफजलपूरचा सोलापूरला जातो. निलंगा, देगलूर, उमरगा, अक्कलकोटकडील रुग्ण आपल्याकडे येतात. गाणगापूरला दत्तदर्शनासाठी महाराष्ट्रातून हजारो भाविक येतात आणि आपली माणसे तुळजापूर-पंढरपूरला जातात. सोयरिकी तर तिन्ही राज्यांत पसरलेल्या. जंतूला या साऱ्या वाटा मोकळ्या आहेत. अडते ती फक्त माहिती. एका गावचे दहा रुग्ण तीन राज्यांतील पाच दवाखान्यांत विभागले गेले, की कोणत्याच वहीत साथ दिसत नाही; प्रत्येक वहीत केवळ दोन रुग्ण दिसतात.

याचा एक अनुभव मला आजही बोचतो. काही वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्या पावसानंतर सीमेपलीकडच्या एका खेड्यातून दोन दिवसांत तीन मुले तीव्र जुलाबाने माझ्याकडे आली. सलाइन, जलसंजीवनी देऊन ती बरी झाली, घरी गेली. गावाचे नाव तीनदा माझ्याच हाताने केसपेपरवर लिहिले, पण मनात काही जुळले नाही. चौथ्या दिवशी त्याच गावचे चौथे मूल आले, तेव्हा फार उशीर झालेला होता. महिन्याभराने एका लग्नात पलीकडच्या गावातील एक डॉक्टर मित्र भेटले. सहज विषय निघाला. त्यांच्याकडेही त्याच आठवड्यात त्याच गावचे पाच-सहा रुग्ण येऊन गेले होते. आम्ही दोघांनीही उपचारात कसूर केली नव्हती. आम्ही दोघांनीही कोणाला कळविले मात्र नव्हते. तिसऱ्या मुलानंतर एक फोन केला असता, तर गावचे पाणी तपासले गेले असते. चौथे मूल कदाचित वाचले असते. हा ‘कदाचित’ अजून माझी पाठ सोडीत नाही.

एक पोस्टकार्ड पुरेसे

तामिळनाडूतील वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९८० च्या दशकात तत्कालीन उत्तर अर्काट जिल्ह्यात एक साधा प्रयोग केला. सरकारी व खाजगी डॉक्टरांना पत्ता छापलेली पोस्टकार्डे दिली. संशयित रुग्ण दिसला, की कार्ड भरून टाकावयाचे. गोळा झालेल्या माहितीचे पत्रक नियमितपणे त्याच डॉक्टरांकडे परत येई. आपण कळविलेल्या गोष्टीचे पुढे काय झाले, हे कळल्यामुळे कळविण्याची गोडी टिकली. आज तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे.

डॉक्टर बंधुभगिनींना म्हणूनच विनंती, की केसपेपरवर गाव, तालुका व जिल्हा स्पष्ट लिहावा. एकाच गावचे एकाच प्रकारचे तीन रुग्ण आठवड्यात दिसल्यास, किंवा घटसर्प, गोवर, लुळेपणा, अकस्मात मेंदूज्वर यांचा एकही संशयित दिसल्यास त्याच दिवशी जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यास कळवावे. रुग्ण पलीकडच्या राज्यातील असेल तर तेथील परिचित डॉक्टरांनाही सांगावे. यासाठी लातूर, सोलापूर, नांदेड व हैदराबादकडील व्यवसायबंधूंची दूरध्वनी यादी आपल्या संस्थेने तयार करून प्रत्येक दवाखान्यात लावावी. कळविल्याने दवाखान्याची बदनामी होते, ही भीती निराधार आहे. साथ फुटल्यावर जी बदनामी होते ती मोठी असते.

नागरिकांनीही गल्लीत अनेक जण एकदम आजारी पडल्यास, नळाला गढूळ पाणी आल्यास किंवा पशुपक्षी अचानक मरू लागल्यास आशा कार्यकर्तीस अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रास सांगावे. डॉक्टरांपासून प्रवासाची माहिती दडवू नये.

आजीच्या काळी उंदीर पडल्याचे पाहणारा माणूस घरातलाच असे आणि ऐकणारेही गावातलेच असत. आता ऐकणारा जिल्ह्याच्या ठिकाणी संगणकापुढे बसला आहे. पाहणारे मात्र अजूनही आपणच आहोत. आपण पाहिलेले त्याच दिवशी सांगावे, एवढीच या लेखाच्या निमित्ताने सर्वांना नम्र प्रार्थना.