घाटात दम टाकणारी जुनी टर्बो गाडी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मंचरहून भीमाशंकरला जाताना घोडेगाव, डिंभे मागे टाकून पोखरी घाट चढताना जुन्या टर्बो गाडीचा पिकअप पडला, की दोष बहुधा पेट्रोलला दिला जातो. अनेकदा कारण असते इंजिनात शिरणारी तापलेली हवा. हवा 30 अंशांवरून 60 अंशांवर गेली, तर त्याच दाबाला तिची घनता सुमारे 9 टक्क्यांनी घटते. शिवाय गरम हवेने नॉकिंग, म्हणजे इंधनाचे अवेळी पेटणे, वाढते. ते टाळायला इंजिनाचा संगणक (ईसीयू) ठिणगी उशिरा पाडतो आणि जोर आणखी कमी होतो.

भीमाशंकरला गारवा असल्याने इंजिनालाही गार हवाच मिळते, हा समज अपुरा आहे. सुमारे 1000 मीटर उंचीवर हवा जवळजवळ दहा टक्के विरळ असते. ती तूट भरायला टर्बोला जास्त राबावे लागते, आणि दाबली की हवा तापतेच. 30 अंशांची हवा दीडपट दाबली, तर आदर्श गणिताने 67 अंश होते; प्रत्यक्ष टर्बोतून ती 80 च्या पुढे निघते.

ही उष्णता काढायची ती इंटरकूलरने. भारतात 2004 मध्ये आलेल्या 1.8 लिटरच्या ऑक्टाव्हिया आरएसमध्ये तो लहानसा असून चाकापुढे, बंपरच्या कोपऱ्यात बसवलेला आहे. तो समोरून येणाऱ्या वाऱ्यावर चालतो. श्रावणी सोमवारी एसटीच्या मागे रांगत जाणाऱ्या गाडीला तो वारा मिळतच नाही.

शंकूच्या आकाराच्या उघड्या एअर फिल्टरने (कोन फिल्टर) ताकद वाढते, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. वाढतो तो आवाज. बॉनेटखाली उघडा ठेवलेला कोन इंजिनभोवतीची तापलेली हवाच ओढतो. मूळ फिल्टरपेटी बाहेरची हवा घेते. वीस वर्षांत तिचा प्लास्टिक डक्ट तडकतो, क्लिप तुटतात, रबर आकसते. ते बदलणे हीच खरी सुधारणा. इनटेकच्या पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचा चालत्या गाडीत फायदा थोडाच, कारण हवा क्षणार्धात पाइप ओलांडते.

तापमानाची सुई मधोमध आहे, म्हणजे सारे ठीक, असेही नाही. ती कूलंटचे तापमान दाखवते. इनटेकच्या हवेचे तापमान ओबीडी स्कॅनरवर दिसते. वाहनतळावर थांबून पुन्हा सुरू केलेल्या गाडीत तो आकडा चढलेला असणे स्वाभाविक आहे, कारण बंद इंजिनाची धग बॉनेटखाली कोंडते. मोकळ्या रस्त्यावर काही मिनिटांत तो उतरला नाही, तर डक्ट आणि चिखलाने बुजलेला इंटरकूलर तपासावा.

थंड हवेसाठी फिल्टर बंपरखाली उतरवणे उन्हाळ्यात खपून जाते. पण आंबेगाव तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यातल्या पावसात रस्त्यावर साचलेले पाणी तो ओढू शकतो. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये शिरले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.